वन्संची पाठ

८ जून

वन्सं,

लांबूनच नमस्कार. जवळ येऊन केला की तुम्ही हनुवटी धरून "आ कर" म्हणता, म्हणून पत्रातून केलेला बरा.

तुमच्याकडून येऊन तीन आठवडे झाले आणि पत्र आत्ता लिहितेय, हे मान्य. कारण पुढे येतंच आहे. घर जागेवर आहे. मी तुमच्याकडे होते तेव्हा तुमच्या बंधुराजांनी सगळ्या कपबश्या खिडकीत रचून ठेवल्या. कारण काय, तर "धुतल्यावर तिथे ऊन लागतं". तिथल्या दोन फुटल्या. चांगलं वागले की ते माझे यजमान आणि बिघडवलं की तुमचे भाऊ, अशी आपली जुनी वाटणी आहे, तेव्हा दोन कप तुमच्याकडून येणं आहे.

हात कसा आहे? प्लास्टर ओलं करू नका. डावा मोडला हे नशीब म्हणायचं. उजवा मोडला असता तर मला टोमणे कोणी लिहिले असते? फोनवर तर तुम्ही येत नाही. पस्तीस वर्षं लोकांनी फोनवरून दाढदुखीची वर्णनं ऐकवली म्हणून त्या यंत्रावर तुमचा राग, तो समजतो. पण त्यापायी मला तिकीट लावून भांडावं लागतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पाठीला मलम चोळता चोळता एके दिवशी मी म्हटलं होतं, "वन्सं, अशाच बसा, हलू नका," आणि तुम्ही म्हणालात, "पाठ काढ. तोंड काढलंस तर याद राख." ती वहीतली चित्रं घरी आणली आणि मला चैनच पडेना. खिडकीच्या झडपेएवढी फळी घेतली आणि सरळ लाकडावर काढून कोरायलाच बसले. तीन आठवडे तेच. ठसा कागदावर उतरला तेव्हा मी एकटीच होते, तरी मोठ्याने "बाई गं" म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून इतकं खरं काही उतरलं नव्हतं.

तर तो मला लावायचा आहे. आमच्या 'बाकडं' मंडळाबद्दल मी तुम्हाला सांगितलंय, तुम्ही तेव्हा डोळे मिटून घेतले होते, म्हणून परत सांगते. बायकांना चित्रं बघायला जायला वेळ नसतो, पण वाट बघत बसायला लागतंच. पाणीपट्टीच्या रांगेत, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी. म्हणून आम्ही चित्रंच तिकडे नेतो. पहिला मुक्काम पाणीपट्टीचं ऑफिस. आणि मंडळाचा एकच नियम आहे: चित्रात बाई असेल तर तिने स्वतःच्या हाताने कार्डावर दोन ओळी लिहायच्या, आपण कोण ते. कार्ड नाही तर चित्र नाही. इतकी वर्षं लोक बाई रंगवतात आणि खाली लिहितात 'स्त्री, तैलरंग'. जणू ती तेलातच जन्माला आली. हा नियम कोणी केला? मीच.

तेव्हा दोन ओळी हव्या आहेत. कार्ड सोबत जोडलंय. उजवा हात धड आहे, सबब चालणार नाही.

तुमची,
मलमवाली


१५ जून

चितारीणबाई,

आशीर्वाद. तू मागितले नव्हतेस, पण शिल्लक होते, घे.

कप मिळणार नाहीत. फोडणारा नवरा तुझा.

कार्ड कोरंच परत पाठवतेय. करार काय ठरला होता? तोंड काढायचं नाही, आणि काढलेलं कोणाला दाखवायचं नाही. पहिली अट पाळलीस म्हणून दुसरी माफ होते का? मी अर्धी दाढ काढून पेशंटला म्हटलं असतं, "अर्धी काढली ना, मग झालं तर," तर त्याने काय केलं असतं?

तुमच्या मंडळाची कल्पना मात्र नामी आहे. माणूस आधीच अडकून पडलेला, वर त्याला चित्रं दाखवायची, पळायची सोय नाही. हे खरं तर एखाद्या डेंटिस्टला सुचायला हवं होतं.

आता चेष्टा बाजूला ठेवून एकदाच सांगते. पाठ ही दाखवायची वस्तू नाही. तुला ती छान वाटते कारण ती तुला वागवावी लागत नाही. खाली दवाखान्यात माझ्या जागी आलेली नवी डॉक्टरीण दोन वर्षं मागे लागलीय, वेटिंग रूममध्ये माझा फोटो लावायचा म्हणून. तिने मोठा थोरला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. मी त्यावर कॅलेंडर अडकवलं. फोटोवाला यायचा म्हटलं की मला नेमकं कुठेतरी जायचं असतं. घरातल्या लग्नाच्या फोटोंत बघ, प्रत्येकात मी भिंतीला टेकून उभी आहे. तूच म्हणाली होतीस, "वन्सं भिंत धरून ठेवतायत, पडेल म्हणून." सगळे हसले, मीही हसले.

हल्ली फिरायला उजाडायच्या आधी जाते. लोक चांगले आहेत, कोणी काही म्हणत नाही. पण मागून येणारा माणूस मला ओलांडताना पाय जरा हळू टाकतो, ते मला ऐकू येतं. ज्या गावात मी ताठ मानेने दवाखाना काढला तिथे मला कोणी हळू पाय टाकलेला नको आहे. कीव नको गं मला. बाकी काहीही चालेल.

विषय संपला. चूळ भर आणि ऊठ.

तुझी,
नणंद


२८ जून

वन्सं,

चूळ भरली. उठत मात्र नाही.

पाणीपट्टीच्या ऑफिसात प्रदर्शन लागलं. तुमच्या ठशाची जागा रिकामी राहिली. मी मंडळात सांगून पाहिलं, एवढा एक अपवाद करा. आमची खजिनदारीण, बँकेतून निवृत्त झालेली, चष्म्यावरून बघून म्हणाली, "नियम कोणाचा?" म्हटलं, "माझा." म्हणाली, "मग तू तरी पाळ." आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय!

कार्डं काय सुरेख आलीत म्हणून सांगू. मंडळातल्याच, बस चालवणाऱ्या एकीचं चित्र आहे, तिने लिहिलंय, "गाडी मी चालवते. मागून सूचना सगळे करतात." एका आजींचं चित्र त्यांच्या नातीने काढलंय. आजींनी लिहिलं, "एवढं नाक मला नाही. बाकी बरोबर." रांगेतल्या बायका हसल्या, मग एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि खिडकी उघडली तरी कोणाचं लक्ष नव्हतं. पाणीपट्टीवाला साहेब बाहेर येऊन म्हणाला, "अहो पैसे तरी भरा."

आता माझं. तुम्ही मनातलं लिहिलंत, तर मीही लिहिते. मी पंचवीस वर्षं बायकांची चित्रं करते आणि त्यांतली निम्मी नुसती मुठींची आहेत. वर केलेल्या मुठी, मागे उगवता सूर्य. मोर्च्यांना लागायची, मी द्यायचे, वाईट नव्हती. पण त्या मुठी कोणाच्याच नव्हत्या. तुमची पाठ काढताना मला पहिल्यांदा वाटलं की बायकांच्या कामाबद्दल मी जे इतकी वर्षं ओरडून सांगत होते ते इथे न ओरडता दिसतंय. ही पाठ मला कीव करायला लावत नाही वन्सं. मला ती बघून माझंच काम नीट करावंसं वाटतं. हे चित्र भिंतीला तोंड करून माझ्या खोलीत पडून राहिलं तर मला फार वाईट वाटेल, एवढंच.

आणखी एक. ठसा वाळत घातला होता तेव्हा तुमचे बंधुराज खोलीत आले. मी काही सांगितलेलं नव्हतं. दारातच थांबले आणि म्हणाले, "ताई आलीय?" मग जवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, "शाळेत जाताना मी हिच्या दप्तराचा बंद धरून मागून चालायचो. मला रस्ता ठाऊकच नसायचा, हीच दिसायची." आणि चहा न पिताच गेले. (त्या दिवशी ते माझे यजमान होते.)

ठशाचा फोटो सोबत पाठवतेय. न बघता फाडू नका.

तुमची,
नियमात अडकलेली


६ जुलै

चितारीणबाई,

फोटो बघितला. उजेडाला धरून बघितला, चष्मा लावून बघितला, मग भिंग आणलं. आणि मग इतकी हसले की खालून नवी डॉक्टरीण वर आली, काय झालं म्हणून.

ही पाठ माझी नाही!

नीट ऐक. उजव्या हाताने काम करणारी डेंटिस्ट खुर्चीच्या उजव्या अंगाला उभी राहते. पेशंट तिच्या डाव्या बाजूला येतो. म्हणून ती डावीकडे वाकते. पस्तीस वर्षं मी डावीकडे वाकले, माझा डावा खांदा खाली आहे, कणाही डावीकडे गेलाय, त्याचा एक्स-रे माझ्या कपाटात आहे. तुझ्या चित्रातली बाई उजवीकडे वाकलीय. ही कोणीतरी डावखुरी आहे. आता गावात डावखुरी डेंटिस्ट एकच, ती चौकातली, आणि तिची पाठ तू कधी बघितलीस ते तूच जाणे.

तू काय केलंस तेही सांगते. सरळ फळीवर काढलंस, हो ना? "सरळ लाकडावर काढून कोरायलाच बसले," तुझ्याच पत्रातलं वाक्य आहे. एरवी तू पातळ कागदावर काढून तो पालथा घालतेस आणि मग कोरतेस, मी तुझ्याकडे आले होते तेव्हा मला तासभर समजावलं होतंस, मी डोळे मिटून घेतले होते तरी ऐकत होते. कागद फळीवर दाबून उचलला की सगळं उलटं उमटतं. पहिल्या वर्षाच्या पोरीला कळतं हे. पंचवीस वर्षं मुठी कोरल्यास, त्यांचं बरं होतं. डाव्या काय नि उजव्या काय.

माझ्या भावाच्या साक्षीवर जाऊ नकोस. त्याला डावं-उजवं कधीच कळलं नाही. सात वर्षांचा होईपर्यंत चपला उलट्या घालायचा, म्हणून तर बंद धरून न्यावं लागायचं. (चहा मात्र प्यायचा होता त्याने. सांग त्याला.)

तेव्हा प्रश्न सुटला. चित्रातली बाई मी नव्हे. मी नव्हे तर माझं कार्डही नको आणि माझी परवानगीही नको. खुशाल लाव कुठे लावायचं तिथे. मी मोकळी, तू मोकळी.

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय. रबरी चेंडू दाबत बसते दिवसभर.

तुझी,
उजव्या हाताची, डावीकडे वाकलेली नणंद


१४ जुलै

वन्सं,

आधी मी तुम्हाला लिहिणार होते की उलटं मुद्दाम केलंय. कलाकृतीची मागणी होती, आरसा हे प्रतीक आहे, असं बरंच काही. अर्धं पान लिहिलंही. मग तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि पान फाडलं.

चुकले. शाईचा वास नाकात होता, हात शिवशिवत होते, पातळ कागद आणायला उठले नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मंडळात सांगितलं तेव्हा बसवाली म्हणाली, "म्हणजे तू रिव्हर्समध्ये गाडी घातलीस." आता सगळ्या मला रिव्हर्सच म्हणतात. परत कोरायचं म्हटलं तर आणखी तीन आठवडे आणि नवी फळी, आणि तुम्ही परत बसणार नाही ते वेगळंच.

तुमचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, कीव नको म्हणालात ते पत्र नव्हे, शेवटचं, हसलात ते. खजिनदारणीने निकाल दिला. "बाई म्हणते मी नव्हे, तर नव्हे. बाईचा शब्द शेवटचा, नियम याच्यासाठीच आहे." मग चित्राचं काय? ठरलं असं की चित्र लावायचं, खाली कोरं कार्ड ठेवायचं आणि दोऱ्याने पेन्सिल बांधायची. ज्या बाईला ती पाठ आपली वाटेल तिने लिहावं.

आता एक गोष्ट सांगते, रागवायचं असेल तर पाणी पिऊन मग रागवा. पुढच्या मुक्कामासाठी आम्हाला एका दवाखान्याने बोलावलंय. दातांचा आहे. वेटिंग रूम मोठी आहे, बाकं जुनी पण मजबूत आहेत, आणि दवाखाना जिने काढला ती बाई वरच्या मजल्यावर राहते. आमंत्रण नव्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः धाडलंय, मी फक्त नाही म्हटलं नाही. बुधवारी बसवाली आणि खजिनदारीण येऊन चित्रं लावून जातील. मी येत नाहीये, कारण मी समोर असले की तुम्हाला नाही म्हणणं अवघड जातं असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकेल.

नको असेल तर एक शब्द लिहा, मी तुमचा ठसा गाडीतून उतरवून घेईन. बुधवारपर्यंत वेळ आहे.

तुमची,
रिव्हर्स


२२ जुलै

चितारीणबाई,

तुझं पत्र बुधवारी आलं. गाडी आधी आली.

खाली ठोकाठोक चालली होती तेव्हा मी चहा घेत होते. खजिनदारीण वर येऊन मला भेटून गेली, करारी बाई आहे, दात उत्तम ठेवलेत. तिने सांगितलं की सगळ्यांत मोठं चित्र सगळ्यांत मोठ्या खिळ्यावर लावलंय. कुठल्या खिळ्यावर ते तुला सांगायला नको. माझं कॅलेंडर गुंडाळी करून वर आणून दिलं. आता खाली लोकांना तारीख कळायची कशी?

तू, ती नवी डॉक्टरीण, ती बसवाली, सगळ्या एका माळेचे मणी. मी खाली पाय ठेवणार नाही. मागच्या जिन्याने जाईन-येईन. कोणी काही बोललं तर मला सांगायचं नाही. ती पाठ माझी नव्हे, तेव्हा मला त्याच्याशी काही कर्तव्यही नाही.

चेंडू दाबत होते, तो रागाने खिडकीबाहेर गेला.

नणंद


३० जुलै

वन्सं,

हे पत्र छोटं आहे कारण टोमणा सुचत नाही.

तुमचे बंधुराज म्हणाले, "तिला आवडलं नसेल तर चेष्टा कुठवर ताणायची?" ते बरोबर म्हणाले असं वाटून रात्रभर तळमळले. चित्र मला हवंय, पण तुम्ही मागच्या जिन्याने जावं इतकं नकोय. उतरवू का? हो की नाही एवढंच लिहा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन उतरवेन आणि वर येऊन पाया पडेन, मग हवं तर "आ कर" म्हणा.

नवा चेंडू पाठवतेय.

तुमची


८ ऑगस्ट

चितारीणबाई,

नाही.

उशीर झाला उत्तराला. तू तळमळली असशील, बरं झालं, वजन उतरेल. आता सविस्तर वाच, आणि माझ्या भावालाही वाचून दाखव, पण मधली एक ओळ गाळून. कुठली ते तुला कळेल.

मागच्या जिन्याच्या दाराला वर कडी आहे, घट्ट. दोन्ही हात लागतात, आणि मोडलेल्या हातात जोर नाही, ती निघेना. तीन दिवस घरात बसले, मग भाजी संपली. म्हटलं पुढच्या जिन्यानेच जाऊ, वेटिंग रूमकडे न बघता सरळ बाहेर. वळणावर आले आणि खालून बोलणं ऐकू आलं, म्हणून थांबले. आत चौघीपाचजणी होत्या. एक बेकरीवाली, तिचा आवाज मी कुठेही ओळखेन. ती म्हणत होती, "ही आपल्या जुन्या डॉक्टरीणबाईंची पाठ."

"कशावरून?" दुसरी म्हणाली.

"कशावरून काय विचारता? माझ्या तीन पोरांच्या दाढा झाल्या इथे. ह्याच बाकावर बसायचे मी. बाई दार अर्धं उघडं ठेवायच्या, पोरांना आई दिसावी म्हणून. पोरांना मी दिसायचे आणि मला ही पाठ दिसायची. पाठ हलायची थांबली की समजायचं, आता निघतेय. मग मी पण श्वास धरायचे. पाठ सरळ झाली की सुटले बाई म्हणायचं."

"माझंही तेच," तिसरी म्हणाली. "तोंड त्यांचं पोरांनी बघितलं असेल, आपण कधी बघितलं?"

मी जिन्यात कठडा धरून उभी होते. दार मी पोरांसाठी उघडं ठेवायचे. बाकावर बसलेल्या आयांना काय दिसतं, हा विचार पस्तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी म्हणत होते पाठ कोण ओळखणार, आणि अख्खं गाव मला तिच्यावरूनच ओळखत होतं. 

इथवर ठीक होतं. मी तशीच वर गेले असते, भाजीवाचून राहिले असते. पण मग ती दुसरी म्हणाली, "पण बाई तर ह्या बाजूला वाकायच्या. ही त्या बाजूला वाकलीय."

सगळ्या उठून बघायला लागल्या. "खरंच की."

"मग ही चौकातल्या डावखुऱ्या डॉक्टरणीची असेल."

"असेल. तीही बरीच वर्षं करतेय बिचारी. लिहून टाकू या का? पेन्सिल आहेच इथे."

डावखुरीची! जिने आजवर एक वाकडी अक्कलदाढ स्वतः काढली नाही, सगळ्या माझ्याकडे पाठवल्या! तिच्या वाटच्या दाढा काढता काढता मी वाकले, आणि पाठ तिच्या नावावर? मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. "ती पेन्सिल आधी खाली ठेवा," एवढं म्हणाले ते आठवतंय.

मी सरळ चित्राजवळ गेले, त्याच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांच्याकडे पाठ केली. म्हटलं, "बघा नीट. माझा कुठला खांदा खाली आहे?"

"डावा," शाळेतल्या मुलींसारख्या एका सुरात.

"आणि चित्रात?"

"उजवा."

"मग उलटं कोण, मी की चित्र?"

"चित्र!" नवी डॉक्टरीण आवाज ऐकून बाहेर आली होती, तिच्यामागे तोंडात कापूस कोंबलेला पेशंट, तोही "श्यित्र" म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करतेय ते. भरल्या खोलीकडे पाठ करून उभी आहे, टेकायला भिंत नाही. वळावंसं वाटलं. पण मागे जी शांतता होती ती वेगळी होती. कीव मला आवाजावरून कळते, तुला सांगितलंय मी. ही ती नव्हती. बेकरीवाली हळूच म्हणाली, "बाई, लगेच सरळ होऊ नका. जरा बघू द्या."

मग मी उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते समोरच्या भिंतीने बघितलं फक्त. (ही ओळ गाळायची.)

कार्ड लिहिलं. पेन्सिल नको म्हटलं, नव्या डॉक्टरणीकडून पेन मागून घेतलं. तुमच्या खजिनदारणीला सांग की दोन ओळींत बसलं नाही. मजकूर असा:

"ही पाठ माझी. ह्या गावाच्या दाढा काढता काढता वाकली, आणि डावीकडे वाकली. चित्रात उलटी दिसते, ती चूक चितारणीची. वाकणं माझं."

आता तुझ्यासाठी सूचना. पुढच्या आठवड्यात ये. नवी फळी आण, मी बसते, बरोबर बाजूने कोर. पातळ कागद आणायला विसरलीस तर दारातूनच परत पाठवीन. माझ्या भावालाही घेऊन ये, दोन कप घेऊन ठेवलेत, ते त्याच्या हातात द्यायचे नाहीत.

उलटा ठसा मात्र खिळ्यावरच राहू दे, नवा आला तरी. बायका रोज विचारतात, बाई डावं कुठलं आणि उजवं कुठलं, एकदा उभ्या राहून दाखवा ना. मला रोज सकाळी पुढच्या जिन्याने खाली जावं लागतं. बाकावर बसून वाट बघत असतात गं.

चूळ भर आणि ये.

तुझी,
वन्सं